साताऱ्यात राधिका रोडवर बनवून घेतलेली पाण्यात बघायची नळी : ५ पैकी ४ स्टार

आधीच सांगते, हे दुकान नंबर प्लेट, दारावरच्या पाट्या आणि अॅक्रिलिकच्या ट्रॉफ्या बनवणारं आहे आणि माझं काम यातलं काहीच नव्हतं. मला पाण्यात बघायची नळी पाहिजे होती. म्हणजे एक रुंद पाइप, खालचं तोंड पारदर्शक चकतीनं बंद, वरचं उघडं, खालचं टोक पाण्यात थोडं बुडवायचं आणि वरून डोळा लावायचा. पाण्यावरची चकाकी आणि लाटांची थरथर मधून निघून जाते आणि तळ असा दिसतो की जणू पाणीच नाही. माझी मुलगी इंग्लंडात प्लिमथला मरीन बायोलॉजीचं मास्टर्स करतेय, तिला खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत जेलीफिश मोजायला ही वस्तू लागत होती. तिथे तयार मिळते पण तिला किंमत परवडेना. ती म्हणाली, आई साताऱ्यात कोणीतरी नक्की करून देईल.

पोवई नाक्यापासून मी चार दुकानं फिरले. दोघांनी ऐकूनच घेतलं नाही, एकानं मत्स्यालयवाल्याकडे जा म्हणून सांगितलं, आणि चौथे हे राधिका रोडवरचे दादा. त्यांनी काउंटरवरची पाटी बाजूला सारली, कागद घेतला आणि म्हणाले, "मॅडम काढून दाखवा, काय बघायचंय ते पण सांगा, म्हणजे मला कळंल कसं बनवायचं." हा एक प्रश्न विचारला म्हणून मी हा रिव्ह्यू एवढा मोठा लिहितेय. काय बघायचंय हे गिऱ्हाइकाला विचारणारा कारागीर आता फार भेटत नाही.

तर काय बघायचं होतं ते तुम्हालाही सांगते, नाहीतर नळी चांगली की वाईट ते कळणार नाही.

जेलीफिश म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाण्यात तरंगणारी छत्री येते. अकरावीला मी बायोलॉजी शिकवते, आमच्या फळ्यावरही तीच छत्री असते. पण जेलीफिशच्याच नात्यातला एक गट आयुष्यभर पोहतच नाही. पावसात वाऱ्यानं छत्री उलटी होते ना, तशी उलटी झालेली छत्री आणि तिचा दांडा समुद्रशेवाळाला चिकटलेला, असा हा प्राणी. तोंड वर, दांडा खाली, कडेला आठ हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला गुंडीसारख्या स्पर्शकांचा झुपका. इंग्रजीत याला स्टॉक्ड जेलीफिश म्हणतात, मी दांडीवाली जेलीफिश म्हणते. शास्त्रीय नाव स्टॉरोझोआ. आधी यांना मोठ्या पोहणाऱ्या जेलीफिशच्या वर्गातच घालत होते, २००४ साली यांचा स्वतंत्र वर्ग केला. सगळ्या जगात मिळून जाती पन्नासच्या आसपास, आणि बहुतेक सगळ्या थंड समुद्रातल्या, त्यामुळे आपल्या रत्नागिरी-मालवणला हा प्राणी शोधायला जाऊ नका. आकार म्हणाल तर बहुतेक जाती चार-पाच सेंटिमीटरच्या आतल्या, मुलगी ज्या शोधते त्यातली एक तर नखाएवढीसुद्धा नाही.

आता एवढासा प्राणी, रंग शेवाळासारखाच, आणि वर हलणारं चमकणारं पाणी. नुसत्या डोळ्यांनी बघणारा माणूस त्याच्यावर बूट ठेवून पुढे जातो. म्हणून नळी.

पहिली वस्तू फेल गेली, ते लपवणार नाही. दादांनी प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून त्यात ५ मिलिमीटरची अॅक्रिलिक चकती सिलिकॉननं बसवून दिली. दिसायला झकास. घरी टाकीत घातली तर पाच मिनिटांत आत पाणी. बादलीच्या प्लास्टिकला सिलिकॉन धरतच नाही, नखानं ओढलं की केळ्याच्या सालीसारखं अख्खं निघून येतं. परत घेऊन गेले. फोन तीन दिवस उचलला नव्हता त्यामुळे मी चिडलेलीच होते, पण दादांनी वाद घातला नाही, बादली हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, चूक माझी आहे, वस्तूच बदलतो. मग त्यांनी शेतीचा सहा इंची पीव्हीसी पाइप आणला, चौदा इंच तुकडा कापला, तोंडाच्या आतून पीव्हीसीचीच पट्टी चिकटवून खाच केली, खाचेत रबरी वायसर, त्यावर चकती, कडेनं सहा बारीक स्क्रू आणि मग सिलिकॉन. आतून काळा मॅट रंग मारला, हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचंच डोकं. पांढरा पाइप असता तर वरचा उजेड आत उड्या मारत राहिला असता, काळ्यामुळे चकतीवर स्वतःचं तोंड दिसत नाही. दोन बाजूंना कपाटाच्या मुठी. एकूण ८५० रुपये, पहिल्या बादलीचे वेगळे घेतले नाहीत. चार दिवस सांगून नऊ लावले. एक स्टार त्याचा कापलाय, आणि फोनचा.

नळी प्लिमथला कशी गेली तर चेक-इन बॅगेत, पोकळी कशाला वाया घालवायची म्हणून आत सांगलीचं भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट भरून. पीव्हीसीला ओरखडाही आला नाही. चकतीवर दादांनी मुद्दाम परत संरक्षक कागद लावून दिला होता, "तिकडं पोचल्यावरच काढा" म्हणून, ते फार बरं केलं.

मी गेले सप्टेंबरात, आणि मुलीनं ज्या दिवसासाठी बोलावलं होतं तो नेमका सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाचा. यात योगायोग काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात म्हणून उधाण येतं, उधाणाची भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते, आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र समान असतात तेव्हाची उधाणं वर्षातल्या मोठ्यांत मोजतात. सर्वपित्री त्याच दिवसांच्या मागेपुढे येते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण आपण घाटावरचे, आपल्याला अमावास्या म्हणजे नारळ आणि पान एवढंच. मुलीच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आणि मी नेलेलं मराठी कॅलेंडर शेजारी लावलं तर दोन्हींत तेच दिवस रंगवलेले. आदल्या दिवशी खोलीतच पान वाढलं, सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बसनं किनाऱ्यावर.

प्लिमथला उधाणाची ओहोटी दुपारी एक-दीडच्या सुमारास तळ गाठते आणि पाणी भरतीपेक्षा साडेचार-पाच मीटर खाली गेलेलं असतं. म्हणजे दीड मजला पाणी उतरतं. किनारा वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडत जातो. वर कोरडे खडक, मग तपकिरी पट्ट्यांसारखं शेवाळ, त्यावर पाय हमखास घसरतो, आणि सगळ्यात खाली लाल शेवाळं आणि चामड्याच्या पट्ट्यासारखं केल्प नावाचं मोठं शेवाळ. दांडीवाली जेलीफिश राहते ती या खालच्या भागात आणि तिथल्या न आटणाऱ्या डबक्यांत. तो भाग उघडा राहतो जेमतेम तासभर, मग समुद्र परत येतो, म्हणजे तुमचं जे काही बघायचं, मोजायचं, लिहायचं ते तेवढ्यात.

मी पहिली दहा मिनिटं नुसतीच नळी घालत होते आणि मला शेवाळाशिवाय काही दिसेना. मुलगी म्हणाली, "आई, प्राणी शोधू नकोस, शेवाळाचे शेंडे बघ. मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की थांब." मग मी एकच झुपका धरला. कॉन्ड्रस क्रिस्पस नावाचं लाल शेवाळ, पाण्याबाहेर मळकट मरून, काही विशेष नाही. पण नळीतून पाण्याखाली त्याचे शेंडे निळे-जांभळे चमकत होते, मोराच्या पिसाला उन्हात तिरकं धरल्यावर दिसतं तसे. त्या निळ्यात एका शेंड्यावर पांढरे ठिपके. ठिपक्यांची चौकट जुळत गेली आणि एकदम लक्षात आलं की हा शेवाळाचा शेंडा नाहीच, हा आठ हातांचा एक लहानसा पेला आहे, आरपार दिसणारा, मरून. कॅल्व्हाडोसिया क्रक्समेलिटेन्सिस. हे ठिपके म्हणजे डंख करणाऱ्या पेशींचे पुंजके, आणि त्यांची मांडणी माल्टाच्या क्रॉससारखी दिसते म्हणून ते नाव. माझ्या करंगळीच्या नखाहून छोटा. तेवढ्यात झिंग्याच्या जातीचं, जिऱ्यापेक्षा बारीक काहीतरी एका हाताच्या झुपक्याला टेकलं आणि अडकलं. तो एकच हात सावकाश आत वळला, आपण घास तोंडाकडे नेतो तसा, बाकीचे सात उघडेच. मी मुलीला हाकसुद्धा मारली नाही, श्वास रोखून बघत राहिले. पंचवीस वर्षं शिकवतेय हो मी, पण जिवंत जेलीफिश जेवताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

मुलीचं काम मात्र नुसतं बघण्याचं नाही. किती आहेत, केवढ्या आहेत आणि कुठल्या शेवाळावर आहेत, हे तिन्ही लिहायचं. तिसऱ्यावर तिचा जास्त जोर. शेवाळ म्हणजे या प्राण्याचं घर, आणि कुठलंही घर चालत नाही. हॅलिक्लिस्टस नावाच्या दुसऱ्या गटातली दांडीवाली लाल शेवाळावर असते तशी समुद्रगवतावरही असते. १९३० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रगवतावर रोग पडला आणि कुरणंच्या कुरणं गेली, आता घर गेल्यावर त्यावर चिकटून राहणाऱ्याचं काय होणार ते सांगायला नको. म्हणून नुसती संख्या लिहून उपयोग नाही असं ती म्हणते आणि मला ते एकदम पटलं. साताऱ्यात काससाठी आपण फुलं मोजतो पण फुलं ज्या कातळावरच्या चार बोटं मातीत उगवतात ती माती कोण मोजतं.

आम्हाला तीन डबक्यांत मिळून १९ सापडल्या, त्यातल्या १४ एकाच डबक्यात हातभर जागेत, आणि पाच पावलांवरच्या तशाच दिसणाऱ्या डबक्यात एकही नाही. मी म्हटलं असं कसं. तर याचं उत्तर त्यांच्या पिल्लांत आहे. बाकीच्या जेलीफिशची अळी केसांसारख्या बारीक तंतूंनी पोहते, कुठल्या कुठे जाते. हिच्या अळीला ते तंतूच नाहीत, ती तळावर सरपटते, म्हणजे जाऊन जाऊन जाणार किती. बऱ्याचदा अळ्या घोळक्यानं एका जागी बसतात आणि भक्ष्य पण मिळून धरतात. मग एका अळीचा एक लहान पॉलिप, म्हणजे एका जागी चिकटून बसलेली नळीसारखी अवस्था, होतो आणि त्याच पॉलिपचं वरचं अर्धं अंग बदलून जेलीफिश होतं, खालचं अर्धं दांडा म्हणून तसंच राहतं. सुटून पोहणारं बाळ तयारच होत नाही. त्यामुळे जिथे आहेत तिथे गर्दी, आणि एखादी जागा एकदा रिकामी झाली की तिथे परत वस्ती व्हायला वेळ लागतो. अगदीच खिळलेल्या असतात असंही नाही, दांडा सोडवून, हातांनी पकडत कोलांटी मारल्यासारखं शेजारच्या पानावर जातात. पण पानावरून पानावर, गावावरून गावाला नाही.

आकार कशाला मोजायचा तेही मला तिथेच कळलं. बऱ्याच जाती वर्षभराच्या आतच जगतात, थंड समुद्रात कितीतरी ठिकाणी उन्हाळ्यात गर्दी आणि हिवाळ्यात सामसूम. एका जागी लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या सापडल्या तर पिल्लं येत राहिलीत, सगळ्या एकाच मापाच्या असतील तर ती एकाच वेळची तुकडी, ती संपली की खेळ संपला. दर महिन्याला जाऊन मापं घेतली की हे कळतं, एकदा जाऊन नाही. आमच्या वर्गात हजेरीपट बघून कुठल्या वर्षी दाखले वाढले ते कळतं ना, तसंच.

आणि इथे नळीचा सगळ्यात मोठा दोष, विकत घेणाऱ्यांनी नीट वाचा. मी हौसेनं दादांना चकतीवर लेझरनं मिलिमीटरची पट्टी कोरायला सांगितली होती, त्यांनी अप्रतिम कोरली, पण ती मापाला बिनकामाची आहे. प्राणी चकतीला टेकलेला असेल तरच माप बरोबर, तो चार बोटं खाली असला की पट्टीवर लहान भरतो. शिवाय सपाट चकतीतून पाण्यातली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावरच दिसते, म्हणजे डोळ्याचा अंदाजही चुकतो. मुलीनं पाच मिनिटांत हे पकडलं आणि प्राण्याच्या शेजारी प्लास्टिकची छोटी पट्टी धरून फोटो काढायला लागली. हा दोष दादांचा नाही, मागणी माझी होती. पण तुम्ही कोरून घेऊ नका, त्या रेघांत मीठ आणि चिखल बसतो, ब्रशनं पण निघत नाही.

बाकी वापरताना लक्षात आलेलं. नळी सरळ दाबली की चकतीखाली हवेचा बुडबुडा अडकतो, तिरकी घालून मग सरळ करायची. वितभरापेक्षा कमीच बुडवा, हवा भरलेला पाइप वर उसळतो, दहा सेंटिमीटर बुडवली तरी दोन किलो वजन दाबल्यासारखं मनगटाला जाणवतं, अर्ध्या तासात हात भरून येतो. मुठी अजून खाली पाहिजे होत्या. तिथलं पाणी गार, त्यामुळे श्वासानं चकती आतून धुरकट होते, थेंबभर शाम्पू आतून पुसून घेतला की तासभर काम होतं. अॅक्रिलिकला ओरखडे पडतात, खडकावरच्या बार्नॅकल म्हणजे शंखाच्या टोकदार खवल्याच, एकदा टेकली की रेघ गेली. काचेपेक्षा तरी बरी, फुटत नाही. गळती म्हणाल तर एक थेंब नाही, तीन आठवडे खाऱ्या पाण्यात वापरून.

दादांसाठी मी फोटो आणले होते. दुकानात गेले तेव्हा ते एका बुलेटची नंबर प्लेट कापत होते, मशीन बंद केलं, हात पुसले आणि फोन घेऊन बराच वेळ मोठं करून करून बघितलं. मग विचारलं, "आपल्याकडं असलं काय नाय का?" मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर आहे आणि साताऱ्यातल्या फार कमी लोकांना ते माहीत आहे. दांडीवालीचं मला माहीत नाही, पण पोहणारी जेलीफिश आपल्याकडे आहे, आणि तीही नदीत! १९११ साली शंकर पुरुषोत्तम आघारकरांना सह्याद्रीत फिरताना आपल्या वेण्णा नदीत, त्या वेळच्या लिहिण्यात येन्ना, गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. मूळचे मालवणचे आघारकर तेव्हा मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात होते, पुण्यात १९४६ साली त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. लिम्नोक्निडा हा वंश तोपर्यंत फक्त आफ्रिकेतला, टांगानिका सरोवरातला वगैरे, असं धरत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या अॅनंडेलनी आपल्या या जातीला लिम्नोक्निडा इंडिका नाव दिलं. सातारा जिल्ह्यातल्या नदीचं नाव जगभरच्या प्राणिशास्त्रात गेलं ते या छोट्या पारदर्शक चकतीमुळे, आणि आपल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोघींचं आयुष्य एकमेकींच्या उलट. गोड्या पाण्यातलीचा पॉलिप डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, दगडाला चिकटलेला, आणि त्याला फुटलेली जेलीफिश सुटून पोहत जाते. दांडीवालीत सुटणं हा भागच नाही. पण दोघींना काय लागतं ते सारखंच आहे, चिकटायला जागा आणि ती जागा जागेवर राहणं. वेण्णेवर आता कण्हेरचं धरण आहे, उन्हाळ्यात डोह कुठे राहतात, दगड गाळात किती जातात, हे कोणीतरी बघायला पाहिजे. नळी मुलीकडे पाठवायच्या आधी मे महिन्यात मी मेढ्याच्या बाजूला तिची चाचणी घेतली होती. जेलीफिश दिसली नाही. गोगलगायी दिसल्या, दगडाला चिकटलेली माशीसारख्या किड्याच्या अळ्यांची घरटी दिसली, वाळूच्या कणाकणांची शिवलेली, आणि एक बोटभर मासा चकतीला तोंड लावून माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यासाठीसुद्धा ८५० रुपये वसूल होते.

कोणाला बनवून घ्यायची असेल तर दादांना सांगा सातारच्या कॉलेजच्या मॅडमची नळी, त्यांनी मापं पाटीच्या मागे लिहून ठेवलीत. साधी चकती सांगा, पट्टी नको. मुठी वरच्या कडेपासून सहा इंच खाली. आतून काळा रंग हवाच. अॅडव्हान्स निम्मा घेतात, फोनवर विसंबू नका, संध्याकाळी सहानंतर जाऊन भेटा. मुलीची नळी तिकडेच राहिली, मी कॉलेजसाठी दोन अजून सांगितल्यात, एक आठ इंची, पोरांना दोघांना एकदम बघता येईल अशी, मे महिन्यात वेण्णेवर न्यायला. शनिवारी देतो म्हणालेत, म्हणजे मी पुढच्या बुधवारी जाईन.